स्वतः ब्रेक लावणारी गाडी आणि टक्केवारीचे माप

कोल्हापुरात नवी मोटार घ्यायला गेलेल्या गिऱ्हाईकाला गेल्या चार-पाच वर्षांत एक नवा शब्द ऐकावा लागतो, 'अ‍ॅडास'. पुढच्या काचेमागे बसवलेला कॅमेरा, बंपरच्या आत दडवलेला रडार आणि या दोहोंवर चालणारा छोटा संगणक असा हा सरंजाम आहे. तो समोरचे वाहन ओळखतो, ड्रायव्हरला टुंई करून सावध करतो, वेळ पडली तर स्वतःच ब्रेक लावतो, आणि गाडी आपला पट्टा सोडू लागली तर स्टिअरिंग हलकेच वळवून तिला जागेवर आणतो. २०२१ साली महिंद्राची एक्सयूव्ही ७०० आणि एमजीची अ‍ॅस्टर या गाड्या ही सोय घेऊन आल्या. आज बहुतेक कंपन्यांच्या वरच्या मॉडेलमध्ये ती मिळते. जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचे दुकान उघडल्यापासून तर या विषयाची चर्चा पानपट्टीपर्यंत पोहोचली आहे.

विक्रेता सांगतो, "यामुळे अपघात निम्म्याने कमी होतात." गिऱ्हाईक मान डोलावते आणि वरच्या मॉडेलचे जादा पैसे मोजते. आपल्यातील कितीतरी बांधवांचा संसार चाकावर चालतो. कोणी गांधीनगरचे कापड टेम्पोत भरून सीमाभागातले आठवडी बाजार करतो, कोणी इचलकरंजीचे सूत पोहोचवतो, कोणी फळांची गाडी रात्री मुंबईकडे रवाना करून पहाटेपर्यंत फोनची वाट पाहत बसतो. ज्यांच्या मालकीची गाडी नाही असे अनेक कारागीर दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करून घर चालवतात. तेव्हा हे 'निम्म्याने' म्हणजे कशाच्या निम्म्याने, कोणी मोजले, कोठे मोजले आणि कोणत्या मापाने मोजले, हे विचारणे हा आपला हक्क आहे. मापात पाप असते तसे टक्केवारीतही असते. ते नेहमी जाणूनबुजून केलेले असते असे मात्र नाही.

एका मृत्यूवरून काढलेली सरासरी

या बाबतीतली सर्वांत बोलकी हकीकत अमेरिकेतली आहे. ७ मे २०१६ रोजी फ्लोरिडा राज्यात एक टेस्ला मोटार 'ऑटोपायलट'वर चालली होती. समोरून एक पांढरा ट्रेलर रस्ता ओलांडत होता. ना ड्रायव्हरने ब्रेक लावला, ना यंत्राने. मोटार ट्रेलरच्या खालून आरपार गेली आणि ड्रायव्हर ठार झाला. त्यानंतर कंपनीने जाहीर केले की ऑटोपायलट चालू असताना गाड्या १३ कोटी मैलांहून अधिक धावल्या आणि त्यातला हा पहिला ज्ञात मृत्यू. अमेरिकेत एरवी दर ९ कोटी ४० लाख मैलांमागे एक माणूस दगावतो. म्हणजे यंत्र माणसापेक्षा सुरक्षित!

हिशेब ऐकायला भारदस्त आहे. पण एकाच घटनेवरून सरासरी काढायची झाली तर काय होते पाहा. समजा दुसऱ्याच दिवशी आणखी एक असा अपघात झाला असता, तर १३ कोटींत दोन मृत्यू, म्हणजे साडेसहा कोटींत एक. कालपर्यंत माणसापेक्षा चांगले ठरलेले यंत्र एका रात्रीत माणसापेक्षा वाईट ठरले असते, आणि यंत्रात एक स्क्रूही बदललेला नसता. एका गिऱ्हाईकावरून दुकानाची वर्षाची उलाढाल कोणी ठरवत नाही.

दुसरी गोष्ट, त्या ९ कोटी ४० लाखांच्या आकड्यात रस्त्यावर मरणारे सगळेच आले. मोटारसायकलवाले आले, पायी चालणारे आले, वीस वर्षे जुन्या खटारा गाड्यांतले आले. त्यांच्या शेजारी नव्या कोऱ्या, महागड्या, एअरबॅगांनी भरलेल्या मोटारी उभ्या करून तुलना केली तर यंत्राचा गुण किती आणि गाडीच्या पत्र्याचा किती, हे कळणार कसे?

'रँड' या अमेरिकी संशोधन संस्थेने त्याच वर्षी, २०१६ मध्ये, साधा प्रश्न घेतला. आपोआप चालणारी गाडी मृत्यूच्या बाबतीत माणसापेक्षा वाईट नाही, हे खात्रीने सांगायचे तर ती किती चालवून पाहावी लागेल? उत्तर आले, एकही मृत्यू न होता साडेसत्तावीस कोटी मैल. १०० गाड्या दिवसरात्र, वर्षाचे बारा महिने ताशी २५ मैलांनी चालवत ठेवल्या तरी त्याला साडेबारा वर्षे लागतील. आपल्या भाषेत सांगायचे तर हे सुमारे ४४ कोटी किलोमीटर झाले. कोल्हापूर-पुणे-कोल्हापूर अशा साडेनऊ लाखांहून जास्त फेऱ्या. मृत्यू ही एरवीच्या मानाने विरळ घटना आहे, आणि विरळ गोष्टीचे माप काढायला मोठा तराजू लागतो.

वहीची हरवलेली पाने

फ्लोरिडाच्या अपघाताची चौकशी तिथल्या सरकारच्या महामार्ग सुरक्षा खात्याने केली आणि जानेवारी २०१७ मध्ये ती बंद केली. बंद करताना अहवालात एक वाक्य टाकले की, स्टिअरिंग सांभाळणारी यंत्रणा बसवल्यावर टेस्ला गाड्यांच्या अपघातांचे प्रमाण जवळजवळ ४० टक्क्यांनी घटले. दर दहा लाख मैलांमागे एअरबॅग उघडण्याइतके १.३ अपघात होत होते, ते ०.८ वर आले. सरकारी शिक्का बसल्यामुळे हा ४० टक्क्यांचा आकडा जगभर फिरला. कंपनीने वापरला, वर्तमानपत्रांनी छापला, शेअर बाजारातल्या लोकांनीही उचलला.

एका छोट्या खासगी संख्याशास्त्रीय संस्थेला मात्र शंका आली. तिने खात्याकडे मूळ आकडे मागितले. खात्याने दिले नाहीत. आपल्याकडे २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे, तसाच तिथेही कायदा आहे. त्याखाली कोर्टात जावे लागले आणि २०१८ च्या अखेरीस आकडे हाती आले. फेब्रुवारी २०१९ मध्ये संस्थेने जे छापले ते वाचून कोणाही हिशेबनीसाच्या कपाळाला आठ्या पडतील. एकूण ४३,७८१ गाड्यांचा हिशेब मांडलेला होता. त्यातल्या केवळ ५,७१४ गाड्यांच्या बाबतीत यंत्रणा बसवण्याआधी आणि नंतर गाडी किती धावली याची पक्की नोंद होती. उरलेल्या बहुसंख्य गाड्यांच्या 'आधीच्या' मैलांचा पत्ताच नव्हता किंवा मध्येच खंड होता. अपघात मात्र मोजले गेले होते.

आपले मणियार बांधव हे चटकन ओळखतील. फिरोजाबादहून बांगड्यांच्या पेट्या आल्या. फुटलेल्या बांगड्या सगळ्या मोजल्या, पण किती पेट्या आल्या ती पाने वहीतून गळाली. मग शंभर पेट्यांतली फूट चाळीस पेट्यांच्या नावावर पडली आणि फुटीचे प्रमाण अडीचपट दिसू लागले. पुढच्या महिन्यात नवा ट्रान्सपोर्टवाला धरला आणि वही नीट लिहिली. फूट कमी दिसली आणि नव्या माणसाचे कौतुक झाले. प्रत्यक्षात त्याने काहीच वेगळे केलेले नव्हते.

तर मग ज्या ५,७१४ गाड्यांची वही पूर्ण होती, त्यांत काय निघाले? यंत्रणा बसवल्यावर अपघातांचे प्रमाण ५९ टक्क्यांनी वाढलेले दिसले. याचा अर्थ यंत्रणा घातक आहे असा काढायचा का? तसेही नाही. संस्थेनेही तसा ठाम निष्कर्ष काढला नाही, कारण त्या गाड्या सर्व गाड्यांचा योग्य नमुना होत्याच असे नाही. सिद्ध झाले ते एवढेच की ४० टक्क्यांच्या शिक्क्याखाली पाया नव्हता. पण दोन वर्षे तो आकडा जगभर चालला. नकली नोट ओळखण्याआधी किती हात बदलते, त्यातलाच हा प्रकार.

हमरस्ता आणि घाट

पुढे टेस्ला दर तीन महिन्यांनी आकडे प्रसिद्ध करू लागली. ऑटोपायलटवर इतक्या लाख मैलांत एक अपघात, आणि देशाची सरासरी त्याहून कितीतरी वाईट. येथे दुसरे माप तपासावे लागते. ऑटोपायलट प्रामुख्याने मोठ्या हमरस्त्यावर लावला जातो. हमरस्त्यावर चौक नसतात, पोरे धावत येत नाहीत, समोरून वाहने येत नाहीत. तिथे मैलामागे अपघात मुळातच कमी. देशाच्या सरासरीत मात्र गल्लीबोळ सगळे आले.

आपल्या मुलखातले उदाहरण घेऊ. हे आकडे केवळ समजण्यासाठी मांडलेले आहेत. समजा एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे नव्या आणि जुन्या अशा दोन प्रकारच्या गाड्या आहेत. नव्यांत यंत्रणा आहे, जुन्यांत नाही. पुणे-बंगळूर महामार्गावर दर पाच लाख किलोमीटरला एक अपघात होतो, आणि आंबा किंवा गगनबावड्याच्या घाटवाटेवर दर लाखाला एक. यंत्रणेचा उपयोग शून्य आहे असेही धरू. मालक साहजिकच नव्या गाड्या महामार्गावर लावतो. त्या महामार्गावर १० लाख आणि घाटात १ लाख किलोमीटर धावल्या. दोन अधिक एक, तीन अपघात. जुन्या गाड्या महामार्गावर ५ लाख आणि घाटात ६ लाख धावल्या. एक अधिक सहा, सात अपघात. दोन्हींचे एकूण अंतर ११ लाख. वर्षअखेर मालक वही उघडतो, तीन विरुद्ध सात, आणि सांगत सुटतो की यंत्राने अपघात निम्म्याहून कमी केले. यंत्राने काहीच केले नाही. काम केले ते रस्त्याने.

त्यात ड्रायव्हरचे वय, अनुभव, दिवस की रात्र, पावसाळा की उन्हाळा हे धरले तर गुंता आणखी वाढतो. अमेरिकेत एका संशोधकाने रस्त्याचा प्रकार आणि चालकाचे वय जमेस धरून टेस्लाचे आकडे पुन्हा मांडले, तेव्हा दिसणारा फायदा बराचसा विरघळून गेला.

उलट्या बाजूनेही फसगत होते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. जून २०२१ पासून अमेरिकी सरकारने सर्व कंपन्यांना अशा यंत्रणा चालू असताना झालेले अपघात कळवण्याची सक्ती केली. पहिल्या दहा-अकरा महिन्यांत ३९२ अपघात नोंदले गेले. त्यात टेस्लाचे २७३, होंडाचे ९० आणि सुबारूचे १०. लगेच मथळे आले की टेस्ला सर्वांत धोकादायक. पण टेस्लाच्या गाड्या इंटरनेटने कंपनीशी जोडलेल्या असतात, त्यामुळे धडक झाली की खबर आपोआप मुख्यालयात जाते. दुसऱ्या कित्येक कंपन्यांना गिऱ्हाईकाने तक्रार केली तरच कळते. शिवाय कोणाच्या गाड्या किती आणि त्या किती मैल धावल्या, हे त्या यादीत नव्हतेच. जो व्यापारी पक्की पावती फाडतो त्याची विक्री जास्त दिसते, कच्च्या चिठ्ठीवाल्याची कमी. खात्याने स्वतःच बजावले होते की या आकड्यांवरून कंपन्यांची तुलना करू नका. ते बजावणे फारसे कोणी छापले नाही.

मग खरे काय सिद्ध झाले आहे?

सर्वच आकडे कुचकामी आहेत असा ग्रह कोणी करून घेऊ नये. अमेरिकेत विमा कंपन्यांनी चालवलेली महामार्ग सुरक्षा संस्था आहे. ती एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची, यंत्रणा असलेली आणि नसलेली गाडी शेजारी ठेवून तपासते. तिच्या अभ्यासानुसार नुसता इशारा देणाऱ्या यंत्रणेने समोरच्या वाहनावर मागून आदळण्याचे प्रमाण सुमारे २७ टक्क्यांनी घटले, आणि इशाऱ्याबरोबर ब्रेकही लावणाऱ्या यंत्रणेने सुमारे निम्म्याने. म्हणजे विक्रेत्याचे 'निम्म्याने' अगदीच हवेतले नाही. फक्त ते 'मागून आदळण्याच्या अपघातांच्या निम्म्याने' आहे, सगळ्या अपघातांच्या नव्हे. हे चार शब्द गाळले की माल विकायला सोपा जातो.

पायी चालणाऱ्यांना वाचवणाऱ्या ब्रेकचाही याच संस्थेने २०२२ मध्ये हिशेब दिला. पादचाऱ्यांचे अपघात २७ टक्क्यांनी कमी. मात्र जिथे रस्त्यावर दिवे नाहीत अशा अंधारात काहीच फरक आढळला नाही. आपल्या जिल्ह्यातले किती रस्ते रात्री उजेडात असतात, हे वाचकांना सांगायला नको. आणि जी सोय जाहिरातीत सर्वांत चमकते, म्हणजे स्टिअरिंग आणि वेग दोन्ही यंत्राने सांभाळणे, तिच्याबद्दल संस्थेने २०२४ मध्ये निसान आणि बीएमडब्ल्यूच्या गाड्या तपासून सांगितले की अपघात टळत असल्याचा फारसा पुरावा नाही. ती आरामाची सोय आहे, सुरक्षेची म्हणून विकू नये. आमच्या मते गिऱ्हाईकाने लक्षात ठेवण्याजोगी सर्वांत मोलाची गोष्ट हीच. ब्रेक लावणारे यंत्र वेगळे आणि गाडी हाकणारे यंत्र वेगळे. दोन्ही 'अ‍ॅडास' या एकाच पाकिटात येतात आणि एकाच्या पुण्याईवर दुसरे खपते.

माणसाचा स्वभावही आड येतो. १९८० च्या दशकात जर्मनीतील म्युनिक शहरात टॅक्सींच्या ताफ्यातल्या काही गाड्यांना एबीएस ब्रेक बसवले आणि काहींना नाही. ब्रेक निःसंशय चांगले होते. तरी तीन वर्षांत त्या टॅक्सींचे अपघात कमी झाले नाहीत. ड्रायव्हर वळणे जोरात घेऊ लागले, पुढच्या गाडीच्या जवळ राहू लागले. चांगल्या ब्रेकची कमाई त्यांनी वेगात खर्च करून टाकली. १९९४ साली अमेरिकेतील विम्याच्या दाव्यांतही एबीएसमुळे घट दिसली नव्हती. याउलट गाडी घसरू न देणाऱ्या स्थिरता नियंत्रण यंत्रणेने एकट्या गाडीचे जीवघेणे अपघात जवळजवळ निम्म्याने घटवले. कागदावर दोन्ही शोध सारखेच हुशार होते. कोणता उपयोगी ते रस्त्यानेच ठरवले.

आपल्या रस्त्यावर मरतो कोण?

२०२२ साली भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत दुचाकीवरची माणसे ४४.५ टक्के, पायी चालणारी १९.५ टक्के. मोटार, टॅक्सी, जीप यांत बसलेली १२.५ टक्के. म्हणजे आठ मृतांत एक मोटारीतला. अमेरिकेचा आकडा मोटारीत बसलेल्याला वाचवण्याचा, आणि आपल्याकडे मरणारा बहुधा बाहेरचा. त्याच वर्षी हेल्मेट नव्हते असे ५०,०२९ जण दगावले, आणि सीट बेल्ट लावला नव्हता असे १६,७१५. त्यांतले जवळजवळ निम्मे ड्रायव्हर नव्हते, शेजारी किंवा मागे बसलेले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, ते महागड्या गाडीत मागच्या सीटवर बसले होते आणि बेल्ट लावलेला नव्हता.

आपल्या राष्ट्रीय अहवालात वाहनांचे प्रकार असतात, कंपनीवार किंवा मॉडेलवार हिशेब नसतो. त्यामुळे यंत्रणा असलेल्या आणि नसलेल्या गाड्यांची तुलना त्यातून निघत नाही. आपल्या विक्रेत्याच्या तोंडी असलेली टक्केवारी बहुधा परदेशी रस्त्यांवरची असते, हे त्यातूनच उघड होते. तिथे ट्रॉलीत ऊस लादून, मागे दिवा नसलेला ट्रॅक्टर गाळप हंगामात रात्री महामार्गावर उभा नसतो. कंपन्यांच्या पुस्तिकेतच लिहिलेले असते की मुसळधार पाऊस, धुके, चिखलाने माखलेली काच, पुसलेले पट्टे अशा वेळी यंत्रावर विसंबू नका. आपला जुलै-ऑगस्ट म्हणजे यातल्या बहुतेक गोष्टी एकत्र.

वर्षावर्षांची तुलना करतानाही सावध राहावे. देशात २०१९ मध्ये १,५१,११३ मृत्यू झाले, २०२० मध्ये १,३१,७१४ आणि २०२१ मध्ये पुन्हा १,५३,९७२. मधले वर्ष टाळेबंदीचे होते. जानेवारी २०२० मध्ये कोणी देशभर गाड्यांवर लिंबू-मिरची टांगली असती तरी डिसेंबरात तिचा गुण आला असता. एखाद्या मालकाच्या गाड्यांना एका वर्षी लागोपाठ चार अपघात होतात, तो घाबरून यंत्रे बसवतो आणि पुढच्या वर्षी एकच अपघात होतो. यंत्र नसते तरी बहुधा दोन-एकच झाले असते, कारण चारचे वर्ष रोज येत नाही. ताप आपसूक उतरतो आणि श्रेय शेवटच्या पुडीला मिळते.

शिवाय यंत्र हा एकच इलाज नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ माणसे दगावली होती. पुढे कठडे, लोखंडी पट्ट्या, धोक्याच्या जागांची दुरुस्ती आणि पोलिसांची कारवाई यांवर काम झाले आणि टाळेबंदीच्या वर्षाआधीच आकडा बराच खाली आला होता. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री आपल्या शिवाजी पुलावरून मिनीबस कठडा तोडून पंचगंगेत कोसळली. १३ जण गेले. शेजारचा पर्यायी पूल तेव्हा अर्धवट अवस्थेत पडून होता. त्या रात्री गाडीत आजचे यंत्र असते तर काय झाले असते, यावर वाद घालता येईल. भक्कम कठड्याने काय झाले असते, यावर फारसा वाद नाही.

महाराष्ट्रात एक प्रयोग मात्र याच दिशेने झाला. सप्टेंबर २०२१ मध्ये नागपुरात 'आयरास्ते' प्रकल्प सुरू झाला. इंटेल, हैदराबादची ट्रिपल-आयटी, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, महिंद्रा आणि नागपूर महापालिका त्यात सहभागी होत्या. शहर बसगाड्यांत टक्कर टाळण्याचा इशारा देणारी यंत्रे बसवायची आणि शहरातील अपघात निम्म्यापर्यंत खाली आणायचे, असे उद्दिष्ट होते. आपले रस्ते, आपले ड्रायव्हर, आपली गर्दी. अशा प्रयोगांचे निकाल आपल्याला परदेशी माहितीपत्रकापेक्षा जास्त उपयोगी. मात्र निकाल वाचताना वरचेच प्रश्न विचारायचे. यंत्र असलेल्या आणि नसलेल्या बस एकाच मार्गावर होत्या का? किलोमीटर किती? मोजलेला 'अपघात' म्हणजे काय, धडक की नुसता यंत्राने दिलेला इशारा? इशारे कमी झाले म्हणजे अपघात कमी झाले असे नव्हे.

मालकाची वही, कारागिराचा पाना

मोठ्या गाड्यांच्या मालकांना हा विषय फार काळ टाळता येणार नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२५ मध्ये एक मसुदा काढला. मोठ्या प्रवासी आणि मालवाहू गाड्यांत आपोआप लागणारा ब्रेक, ड्रायव्हरच्या डुलकीचा इशारा आणि पट्टा सोडल्याचा इशारा सक्तीचा करण्याचा प्रस्ताव त्यात होता. ज्यांच्या चार-सहा गाड्या आहेत त्यांनी आतापासून वही घालावी असे आम्हांस वाटते. प्रत्येक गाडीचे महिन्याचे किलोमीटर, मार्ग, रात्रीच्या फेऱ्या, ड्रायव्हर, आणि लहानमोठी प्रत्येक ठोकर, अगदी बंपरला गेलेला पोचासुद्धा. मृत्यू मोजून चार गाड्यांच्या मालकाला काहीच कळणार नाही, आणि मोजायची वेळ न येवो. पण पोचे, घासाघीस, विम्याचे दावे हे पुष्कळ असतात, आणि त्यांतून दोन वर्षांत काहीतरी खरे दिसू लागते. विमा कंपन्या नेमके हेच करतात.

विम्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. अ‍ॅडास असले म्हणून तृतीय पक्ष विम्याचा हप्ता कमी होत नाही. खासगी मोटारीला तो इंजिनाच्या सीसीवर ठरतो, मालगाडीला एकूण वजनावर. तेव्हा "विमाही स्वस्त पडेल" असे कोणी म्हणाले तर कोणता भाग आणि किती, ते लिहून मागावे.

आता उद्यमनगरातल्या आणि महामार्गालगतच्या गॅरेजवाल्यांविषयी. म्हादबा मिस्त्रींच्या काळापासून कोल्हापूरचा कारागीर यंत्र खोलून बघतो आणि मग बोलतो. या यंत्रात पान्याने खोलण्यासारखे फार नाही, पण बिघडवण्यासारखे पुष्कळ आहे. पुढची काच बदलली की तिच्यामागचा कॅमेरा पुन्हा नेमका लावावा लागतो. त्याला कॅलिब्रेशन म्हणतात आणि त्यासाठी फलक आणि संगणक लागतो. काच अंशभर वाकडी बसली तर दूरवर कॅमेऱ्याची नजर भलत्याच पट्ट्यात जाते. बंपरच्या आत रडार असेल तिथे डेंटिंगवाल्याने लांबीचा जाड थर मारून वर रंग चढवला तर रडार आंधळा होऊ शकतो. गाडी दिसायला नवी, आणि ब्रेक मात्र वेळेवर लागणार नाही. पुढे अपघात झाला तर बोट कोणाकडे जाईल, हे सांगायला नको.

म्हणून काच किंवा पुढचा बंपर हातात घेण्याआधी गाडीत कॅमेरा-रडार आहे का ते पाहावे. कॅलिब्रेशनची सोय आपल्याकडे नसेल तर तसे गिऱ्हाईकाला आधीच सांगावे आणि बिलावर लिहावे की काच बदलली, कॅलिब्रेशन बाकी आहे. दोन-चार गॅरेजवाल्यांनी मिळून एक संच घेतला आणि एका पोराला शिकवून तयार केले तर तोच उद्याचा धंदा आहे. गाडी घेणाऱ्यानेही शोरूममध्ये टक्केवारी ऐकून झाल्यावर एवढे विचारावे, की पुढची काच फुटली तर नवी कितीला पडेल, आणि ती बसवल्यावर कॅमेरा लावून देणारा माणूस कोल्हापुरात आहे की गाडी पुण्याला न्यावी लागेल.